विश्लेषण : गुन्हेगार भाला नव्हे, टाकी आणि टॉर्च!

पॅसिफिक महासागरातील ग्वाम या अमेरिकी बेटाने २०२० मध्ये एक कायदा केला. पाठीवर स्कूबाची टाकी बांधून पाण्याखाली भाल्याने मासे मारण्यास तिथे मनाई झाली. अमेरिकी सामोआने हेच पाऊल २००१ मध्ये उचलले होते. हवाईच्या मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून असाच नियम आहे आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्येही टाकी लावून भाला चालवता येत नाही. भाल्यावर मात्र यापैकी कोणीही सरसकट बंदी घातलेली नाही.

म्हणजे माणूस तोच, भाला तोच, मासाही तोच. दम धरून मारला तर कायदेशीर, टाकीतली हवा घेत मारला तर गुन्हा. वरवर पाहता हा भेद विचित्र वाटतो. मासा तर दोन्हीकडे मेलाच! पण उष्ण समुद्रातल्या प्रवाळ खडकांवरचे मोठे, दुर्मीळ मासे टिकवण्यासाठी आजवर जे नियम झाले, त्यांत इतका नेमका नियम क्वचितच सापडेल, असे आमचे मत आहे. लक्षद्वीपच्या पर्यटनाची चर्चा जोरात असताना तो आपणही समजून घ्यायला हवा.

एका दमात काय होते?

भाल्याच्या मासेमारीची साधने साधी असतात. स्पिअरगन म्हणजे लाकडाचा किंवा धातूचा लांब दांडा, त्यावर ताणलेले रबराचे जाड पट्टे आणि त्यांनी सुटणारी पोलादी सळई. सळईच्या टोकाला उलटा काटा असतो, मागे दोरी. ‘हवाईयन स्लिंग’ त्याहून साधी, गलोलीसारखी. बहामासमध्ये तर स्पिअरगनलाही बंदी आहे, फक्त गलोल आणि हाताचा भाला चालतो. कोणतेही साधन घेतले तरी मार काही मीटरचाच. पाणी सळईचा वेग लगेच खाऊन टाकते, त्यामुळे माशाच्या अगदी जवळ जावे लागते.

हौशी पण सरावलेला माणूस साधारण एक-दोन मिनिटे दम धरतो आणि दहा-पंधरा मीटर खाली जातो. त्यातला निम्मा वेळ उतरण्या-चढण्यातच जातो. तळाशी उरतात जेमतेम तीस-चाळीस सेकंद. तेवढ्यात मासा शोधायचा, कोणता आहे ते ओळखायचे, आकाराचा अंदाज घ्यायचा, नेम धरायचा. पाठलाग करून उपयोग नसतो, माशापुढे माणूस पाण्यात गोगलगायच. म्हणून मुरलेला शिकारी खडकाशी चिकटून निपचित पडून राहतो, नजर दुसरीकडे ठेवतो आणि माशाच्या कुतूहलावर भिस्त ठेवतो. मासा बघायला येतो. आला तर आला. बहुतेक वेळा दम संपतो आणि माणूस रिकाम्या हाताने वर येतो.

या दमाला एक जीवघेणी बाजूही आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. उडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आधीच निघून जातो आणि शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजते. खाली असताना पाण्याच्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायू पुरतो. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. वर येताना तो झपाट्याने उतरतो, प्राणवायूचा दाबही उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी तर पृष्ठभागावर पोहोचल्यावर, माणूस शुद्ध हरपतो. पोहण्यात तरबेज असलेली माणसे अशी बुडतात. एक खाली तर दुसरा वर लक्ष ठेवून, हा या खेळातला पहिला धडा त्यामुळेच.

थोडक्यात, दम ही एक मर्यादा आहे आणि ती माणसाच्या शरीरातच आहे. किती खोल, किती वेळ, दिवसात किती उड्या, सगळे तीच ठरवते. त्यासाठी ना निरीक्षक लागतो, ना परवाना.

मासा चकवा देतो, कारण तो शिकतो

प्रवाळ खडकांवरचे काही मासे हाती लागत नाहीत, ही भालेवाल्यांची नेहमीची तक्रार. त्यात गंमत अशी की हे बुजरेपण सगळे जन्मजात नसते, बरेचसे कमावलेले असते. माणूस किती जवळ आल्यावर मासा पळतो, हे अंतर संशोधकांनी पॅसिफिकमधल्या अनेक ठिकाणी मोजले आहे. जिथे भाला चालतो तिथे मासे लांबूनच पळतात, राखीव पट्ट्यात ते जवळ येऊ देतात. मोठे मासे लहानांहून सावध, हेही बहुतेक ठिकाणी दिसते. मोठा झाला याचा अर्थच तो अनेकदा वाचला आहे.

वानुआतूच्या गावांना ही गोष्ट विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक असावी. तिथे गावची खडकपट्टी काही काळ ‘ताबू’ म्हणून बंद ठेवतात आणि सण-समारंभाला उघडतात. बंदीच्या काळात मासे वाढतात की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्यांची भीड नक्की चेपते. पट्टी उघडली की ते भाल्याच्या टप्प्यात येतात. या परिणामाची पाहणी वानुआतूत झाली आहे. राखीव क्षेत्र एका दिवसासाठीही उघडणे किती महाग पडू शकते, ते यातून कळते. कागदावर दिवस एकच असतो, मासा मात्र महिनोन्महिने निर्धास्त झालेला असतो.

हीच बाब उलट्या टोकाने लायनफिशमध्ये दिसली. हिंद-पॅसिफिकमधला हा विषारी काट्यांचा देखणा मासा अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर १९८५ मध्ये प्रथम आढळला आणि पुढे साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. तिथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही आणि तो मात्र स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो. गळाला तो सहसा लागत नाही, म्हणून भाला हाच उपाय ठरला. बोनेअर बेटावर १९७१ पासून भाल्याने मासेमारीला मनाई होती, पण लायनफिशसाठी तिथे प्रशिक्षित पाणबुड्यांना खास भाले देण्यात आले. बहामासमधल्या अभ्यासात असे दिसले की ज्या खडकांवर वारंवार लायनफिश मारले गेले, तिथले उरलेले दिवसा अधिक दडून राहू लागले. ज्या माशाला नवख्या समुद्रात कोणाची भीती नव्हती, त्यालाही भाल्याने ती शिकवली.

दिवसा, दम धरून चाललेल्या शिकारीत माशाकडे अशी दोन शस्त्रे असतात. एक त्याची सावधगिरी, दुसरी खोली. या दोन्ही हिरावून घेणारी साधने विसाव्या शतकात आली.

रात्रीचा टॉर्च

पोपटमासा दिवसा खडक कुरतडतो आणि रात्री झोपतो. खरोखर झोपतो. काही जाती तर स्वतःभोवती बुळबुळीत पारदर्शक पिशवी विणून तिच्यात निजतात. दिवसा भाल्याच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा मासा रात्री कपारीत स्थिर पडलेला असतो. त्याच्याजवळ जायला कौशल्य लागत नाही, लागतो तो पाण्यात चालणारा टॉर्च.

सॉलोमन बेटांवर असे टॉर्च १९७० च्या दशकात मिळू लागले. तिथल्या रोविआना खाजणात ज्याला ‘तोपा’ म्हणतात, तो कपाळावर भलेमोठे टेंगूळ असलेला पोपटमासा हे त्याचे पहिले मोठे सावज. हा पोपटमाशांतला सर्वांत मोठा, सव्वा मीटरहून लांब आणि चाळीस किलोंहून जड होऊ शकणारा. दिवसा याचे कळप खडकावर फिरतात, जवळ गेले की उधळतात. रात्री मात्र तोच कळप उथळ पाण्यात एकत्र झोपतो. ती जागा एकदा कळली की एका रात्रीत सारा कळप होडीत. फिजीच्या काही बेटांवरून हा मासा दिसेनासा झाल्याची नोंद आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सॉलोमनमधली ही रात्रीची शिकार प्रामुख्याने दम धरूनच झाली, टाकी लावून नव्हे. म्हणजे केवळ टाकीवर बंदी घातली आणि रात्र मोकळी सोडली, तर टेंगूळवाला पोपटमासा वाचणार नाही. टाकी आणि टॉर्च या दोन्हींची नावे एका दमात घ्यावी लागतात ती यासाठी.

कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा वाद आपण वर्षानुवर्षे वाचत आहोत. तिथे भाला नाही, पर्ससीन जाळे आहे. पण तक्रारीचे मूळ तेच, की रात्रीच्या प्रखर उजेडाने माशाची सवयच त्याच्या विरोधात वापरली जाते आणि पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला काही उरत नाही. केंद्राने २०१७ मध्ये या दिव्यांवर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे मालवण-रत्नागिरीच्या बंदरांवर विचारावे.

टाकीने नेमके काय नेले?

ग्वाम आणि त्याच्या उत्तरेची सायपान, तिनियन, रोता ही बेटे एकाच मरियाना माळेतली. पाणी सारखे, प्रवाळ सारखे, माणसेही मुळात एकाच वंशाची. फरक एक होता. उत्तरेच्या बेटांवर टाकी लावून भाला चालवण्यास बंदी होती, ग्वाममध्ये तो मोकळेपणाने चालू होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दोन्हीकडच्या उथळ आणि खोल पट्ट्यांतले मासे मोजले. उत्तरेकडे उथळ पाण्यात मोठे मासे कमी होते, पण खोल पट्ट्यात ते टिकून होते. ग्वाममध्ये खोल पट्ट्यातही ते उरले नव्हते.

या खोल पट्ट्याला संशोधक खोलीचा आसरा म्हणतात. दमाच्या पलीकडचे पाणी म्हणजे कोणी अधिसूचना न काढता तयार झालेले अभयारण्य. तिथे वाढलेले मासे अंडी सोडतात, प्रवाह ती वर आणतात, काही मोठे मासे स्वतःच वर सरकतात आणि उथळ पट्ट्यातल्या भालेवाल्याची चूल पेटती राहते. टाकीने हा आसराच काढून घेतला. तासभर खाली राहता येते म्हटल्यावर कपारीत लपलेल्या माशाची वाट पाहता येते, निवांत नेम धरता येतो, एकामागून एक मासा दोरीत ओवता येतो. त्यात रात्र आणि टॉर्चची भर पडली की माशाकडे काहीच राहत नाही. अमेरिकी सामोआत १९९० च्या दशकात नेमके हे झाले, पोपटमाशांचा उपसा झपाट्याने वाढला आणि सरकारला टाकी बंद करावी लागली.

‘नेपोलियन’ नावाने ओळखला जाणारा रॅस हा या साऱ्याचा सर्वांत मोठा बळी. दोन मीटरपर्यंत वाढणारा, तीस वर्षांहून अधिक जगणारा हा मासा दिवसा कमालीचा सावध, पण रात्री गुहेत किंवा कपारीत झोपतो. हाँगकाँगच्या हॉटेलांत जिवंत नेपोलियनला मिळणाऱ्या किमतीने त्याच्यामागे सायनाइडचे फवारेही लागले. २००४ मध्ये त्याची ‘संकटग्रस्त’ अशी नोंद झाली आणि त्याच वर्षी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला.

मोठा मासाच का वाचवायचा?

भाल्याचे समर्थक म्हणतात, हे सर्वांत निवडक साधन आहे. जाळ्यात नको ते मासे येतात, पिल्ले येतात, कासवे अडकतात. भाल्यात यातले काही नाही. हे शंभर टक्के खरे आहे. आमचा मुद्दा पुढचा आहे. निवड करता येते हे ठीक, पण निवड कशाची होते? भाला घेतलेला माणूस दहा माशांतला सर्वांत मोठा निवडतो. छायाचित्रही त्याचेच निघते.

प्रवाळ खडकांवर हीच निवड सर्वांत महाग पडते. आपल्याकडे हेकरू किंवा गोबरा म्हणतात त्या गटातले बहुतेक मासे जन्माला मादी म्हणून येतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. नेपोलियनचेही तसेच. मोठे वेचून मारत राहिले तर कळपात नरच उरत नाहीत. आणि मादी मोठी असेल तर तिची अंडी आकाराच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या कितीतरी पट वाढतात. मेक्सिकोच्या आखातातल्या लाल स्नॅपरचे, म्हणजे आपल्या तांबुशाच्या भाऊबंदाचे, एक गाजलेले गणित आहे. ६१ सेंटिमीटरची एक मादी ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्यांइतकी अंडी देते. ती एक मारली तर बाजारात एकच मासा गेला असे दिसते!

पोपटमाशाचा हिशेब आणखी निराळा. टेंगूळवाला एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळ आणि खडक चावून वाळू करून टाकतो, असे ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासात आढळले. मालदीवच्या एका बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांमुळे होते, असे २०१५ मधल्या संशोधनाने दाखवले. ज्या पांढऱ्या वाळूवर झोपून आपण छायाचित्रे काढतो, ती बरीचशी त्यांच्या पोटातून आलेली असते. शिवाय हे मासे शेवाळ खरवडून खातात म्हणून नव्या प्रवाळाला खडकावर जागा मिळते. बेलिझने २००९ मध्ये पोपटमासे मारण्यास सरसकट बंदी घातली ती यामुळेच.

पलाऊचे कोळी आणि चंद्र

या विषयावर सर्वांत शहाणा कायदा पलाऊचा आहे, असे आम्हाला वाटते. तो शहरी पर्यावरणवाद्यांच्या डोक्यातून आलेला नाही हे विशेष. सागरी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट जोहान्स यांनी पलाऊच्या कोळ्यांकडून शिकून १९८१ मध्ये ‘वर्ड्स ऑफ द लगून’ हे पुस्तक लिहिले. कोणता मासा कोणत्या महिन्यात, चंद्राच्या कोणत्या तिथीला, कोणत्या खाडीमुखाशी अंडी घालायला जमतो, याचे त्या कोळ्यांचे ज्ञान तेव्हाच्या विज्ञानाच्या कितीतरी पुढे होते. उधाण आणि भांग यांवर दिवस मोजणाऱ्या आपल्या कोळ्यांना यात नवल वाटणार नाही.

हेकरू वर्गातले मासे एरवी एकएकटे राहतात, पण अंडी घालण्याच्या दिवसांत शेकडोंनी एका ठिकाणी येतात. वर्षभर चकवा देणारा मासा त्या चार दिवसांत स्वतःहून समोर उभा राहतो. ती जागा आणि तिथी ज्याला माहीत, त्याच्या हातात त्या खडकाचे भवितव्य. पूर्वी पलाऊचे सरदार ‘बुल’ म्हणजे बंदी जाहीर करत. १९९४ च्या सागरी संरक्षण कायद्याने त्याला आधुनिक रूप दिले. त्यात हेकरूंच्या काही जातींसाठी १ एप्रिल ते ३१ जुलै हा बंदीकाळ आला आणि स्नॉर्केल सोडून पाण्याखाली श्वास घेण्याचे कोणतेही साधन वापरून मासे मारण्यास मनाई झाली. पुढे २००६ मध्ये नेपोलियन आणि टेंगूळवाला पोपटमासा या दोघांना पूर्ण संरक्षण मिळाले. पलाऊचा कोळी आजही भाला चालवतो.

‘पण पोटाचे काय?’

विरोध करणाऱ्यांचा पहिला आक्षेप हाच असतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. टाकीने कमी तासांत जास्त मासे मिळतात, वय झालेल्या माणसालाही खाली जाता येते, दम कोंडून शुद्ध हरपण्याची भीती नाही. मग गरिबावरच निर्बंध का?

उत्तर टाकी वापरणाऱ्यांच्या शरीरातच सापडते. टाकी भरायला, भाड्याने घ्यायला पैसे लागतात, म्हणून फिलिपिन्ससारख्या देशात अनेक जण साध्या कॉम्प्रेसरला प्लास्टिकची नळी जोडतात आणि तिचे टोक दातांत धरून खाली जातात. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. घाईने वर आले की त्याचे बुडबुडे होतात, सांधे आखडतात, पाय कायमचे लुळे पडतात, कधी जीव जातो. उथळातला मासा संपला की अधिक खोल जावे लागते, आणि जितके खोल तितका हा धोका वाढतो. सुरुवातीला पैसा देणारे साधन शेवटी खोलीचे कर्ज वसूल करते, आणि ते टाकी विकणाऱ्याकडून नव्हे, तर तिच्यासह उतरणाऱ्याकडून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लांब वल्ह्यांचे फिन, वेगवान होड्या, जीपीएस आणि प्रशिक्षणाच्या जोरावर आजचे फ्रीडायव्हर एका दमात पंचवीस-तीस मीटर जातात. मग खोलीचा आसरा उरतो कुठे? हे खरे आहे आणि टाकीबंदी हा अखेरचा उपाय नाही. पण असे शिकारी मूठभर असतात, त्यांनाही रोजच्या मोजक्याच उड्या परवडतात, आणि बर्फाच्या पेट्या भरून बाजारात पाठवण्याएवढा माल त्यातून निघत नाही. खोल पाण्यातून बाजार चालतो तो टाकीवर, उथळातून चालतो तो टॉर्चवर.

अंमलबजावणीच्या दृष्टीनेही हा नियम सोपा. माशाची लांबी मोजायला तो हातात घ्यावा लागतो, जागा सिद्ध करायला पुरावा लागतो. एकाच होडीत टाकी आणि भाला दोन्ही सापडले की प्रश्न मिटला. आणि भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही, म्हणून आकाराची मर्यादा इथे गळाइतकी उपयोगाची नाही. ती ट्रिगर दाबण्याआधी डोळ्यांनीच पाळावी लागते.

लायनफिशसाठी टाकीला सूट द्यावी, हे आम्हालाही मान्य आहे. तिथे उद्देशच शेवटचा मासा गाठण्याचा आहे. तोच नियम नेपोलियनच्या बाबतीत उलटा का लावायचा, हे यातून आपोआप स्पष्ट होते.

आपल्या पाण्यात

लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांवर मुख्य मासेमारी टूनाची, तीही खडकापासून दूर, काठी आणि गळाने. मिनिकॉयची ही रीत १९६० च्या दशकापासून इतर बेटांवर सरकारी प्रोत्साहनाने पसरली आणि त्यामुळे प्रवाळ खडकांवरचा ताण अनेक दशके कमी राहिला. अलीकडे हेकरूसारख्या खडकातल्या माशांना बाहेरून मागणी वाढू लागली आहे. बित्रा बेटाजवळ हेकरूंच्या एका जातीचा अंडी घालण्याचा मोठा मेळा भारतीय संशोधकांनी नोंदवला आहे. पलाऊच्या खाडीमुखांवर जे घडत असे तेच इथे, आपल्या समुद्रात. जानेवारी २०२४ पासून लक्षद्वीपला जाणाऱ्यांची उत्सुकता किती वाढली हे सांगायला नको. स्कूबा केंद्रे येतील, टाक्या येतील, हौशी भालेही येतील. शेजारच्या मालदीवने भाल्याच्या मासेमारीवरच बंदी ठेवली आहे, तिकडे सुट्टीला जाणाऱ्याने स्पिअरगन सामानात घालू नये. आपण तेवढे टोक गाठण्याची गरज नाही. लक्षद्वीपच्या बायका आणि पोरे ओहोटीला खडकावर सळईने ऑक्टोपस टोचून काढतात, त्यांना गुन्हेगार ठरवणारा नियम कोणाच्याच कामाचा नाही.

महाराष्ट्राचा संबंध अधिक थेट आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ पठार विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर, राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे. त्याचा सर्वांत उथळ भागसुद्धा सुमारे वीस मीटर खोल. म्हणजे साधारण दमाच्या माणसाच्या आवाक्यापलीकडे, आणि टाकीवाल्याच्या अगदी सोयीच्या टप्प्यात. खोलीचा आसरा म्हणतात तो हाच. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, ते चांगलेच झाले. पण तो नियम लहान माशाला वाचवतो. मोठ्या माद्या आणि नर झालेले हेकरू त्यातून सुटतात, खरे तर भाल्याच्या टोकावर येतात.

तारकर्ली-मालवणात आज हजारो पर्यटक टाकी लावून मासे पाहायला उतरतात आणि पाहून परत येतात. त्या केंद्रांच्या, आणि उद्या लक्षद्वीपमध्ये निघणाऱ्या केंद्रांच्या परवान्यात एक ओळ आत्ताच घालता येईल : टाकी असलेल्या होडीवर भाला किंवा स्पिअरगन ठेवता येणार नाही आणि सूर्यास्तानंतर खडकावर भाला चालणार नाही. आंग्रियासाठी हे केंद्राला करावे लागेल, लक्षद्वीपसाठी तिथल्या प्रशासनाला. ग्वामला ही ओळ लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या खोल पट्ट्यातले मोठे मासे संपत आले होते. बित्राचा मेळा अजून आपल्या हद्दीत आहे.